अमावास्येच्या उधाणाला, स्नेटिशॅमच्या बांधावर

जानेवारीची अखेर. अमावास्या होऊन दोन दिवस झालेत. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफॉकमध्ये, स्नेटिशॅम गावाबाहेरच्या गोट्यांच्या बांधावर तुम्ही उभे आहात असं समजा. सकाळचे पावणेसात, पण काळोख अजून गच्च आहे. वारा समुद्रावरून सरळ अंगावर येतोय आणि कानटोपीच्या विणीतून आत शिरतोय. समोर काय आहे ते दिसत नाही, नुसता वास येतो. ओल्या चिखलाचा, मिठाचा, कुजणाऱ्या शेवाळाचा. शिवडीच्या किंवा रेवदंड्याच्या माणसाला हा वास डोळे मिटूनही ओळखू येईल.

मग तो आवाज सुरू होतो. आधी दूरवर कुजबुज, मग गलका, मग शाळा सुटल्यावर होतो तसा कल्ला, आणि तोही आकाशातून! पूर्वेला राखाडी फट पडते आणि आकाशावर काळ्या रेघा उमटायला लागतात. एक रेघ, दहा रेघा, मग मोजणं सोडून द्यावं इतक्या. हे गुलाबी पायांचे कादंब. आपल्याकडे उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात, त्यांचे हे भाऊबंद. रात्रभर चिखलावर झोपले, आणि आता हजारोंच्या संख्येनं तुमच्या डोक्यावरून शेतांकडे निघालेत. यातला प्रत्येक जण आइसलंडहून किंवा त्याच्याही पलीकडून, ग्रीनलंडहून, समुद्र ओलांडून आलाय.

इतक्या लांबून, या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, ते इथे आले तरी कशाला?

ऊब मिळावी म्हणून!

नकाशा घ्या आणि स्नेटिशॅमवरून बोट सरळ पूर्वेला न्या. ५३ अंश उत्तर अक्षांश. त्याच पट्ट्यात सायबेरियातलं इर्कुत्स्क येतं, बैकाल सरोवराजवळचं. तिथे जानेवारीत पारा उणे पंधरा-वीसला असतो. नॉरफॉकमध्ये मात्र तो शून्याच्या थोडा वर रेंगाळतो, आणि यामागे आहे अटलांटिक महासागर. उन्हाळाभर साठवलेली उष्णता तो हिवाळाभर पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर युरोपला वाटत राहतो. त्यात किनाऱ्यावरचा चिखल खारा, आणि दिवसातून दोनदा समुद्र त्याला अंघोळ घालतो. शेतातली माती दगडासारखी कडक होते त्या दिवशीही हा चिखल मऊच राहतो. ग्रीनलंडच्या पाखराला नॉरफॉक म्हणजे आपल्या पुणेकराला डिसेंबरातलं गोवा.

आणि जेवणाची सोय तर अशी, की पंगतच म्हणावी. स्नेटिशॅम ज्या उपसागराच्या काठावर आहे त्याचं नाव ‘द वॉश’. नॉरफॉक आणि लिंकनशर यांच्या मधला, वीस किलोमीटरच्या आसपास रुंद असा चौकोनी खळगा. चार नद्या आपला गाळ त्यात आणून ओततात. हिवाळ्यात इथे तीन लाखांहून जास्त पाणपक्षी असतात. ब्रिटनमध्ये एवढे पक्षी दुसऱ्या कुठल्याच खाडीत नसतात.

उधाणाच्या दिवशी इथलं पाणी साडेसहा मीटरच्या आसपास वरखाली होतं. दुमजली घर रोज दोनदा बुडवायचं आणि दोनदा उघडं पाडायचं! तळ जवळजवळ सपाट असल्यामुळे पाणी चढतं ते वर कमी आणि आडवं जास्त, तेही झपाट्यानं. इंग्लंडच्या जॉन राजाचा सामानाचा तांडा १२१६ साली याच वॉशच्या भरतीनं गिळला होता. राजाचा खजिना लोक अजून शोधतात.

आता आपल्या कोकणातल्या कोळ्यांचा हिशेब आठवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरले तर सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आसपास. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमाराला येते, ती कधी सकाळी सातला येत नाही. हे तुमच्या कधी लक्षात आलंय?

वॉशमध्ये ती सकाळी सात-आठलाच येते, आणि पुन्हा संध्याकाळी. चंद्र तोच, तिथी तीच, मग घड्याळ वेगळं का? कारण भरती ही एक प्रचंड लांब लाट आहे आणि लाटेला वाट चालावी लागते. अटलांटिकमधून निघालेली लाट स्कॉटलंडला उत्तरेकडून वळसा घालते, मग ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्याला धरून खाली उतरत उतरत वॉशमध्ये पोहोचते. या प्रवासाला लागणारा वेळ ठरलेला, म्हणून प्रत्येक बंदराची उधाणाची वेळ ठरलेली. वॉशच्या वाट्याला पहाट आली. उधाणाची मोठी भरती आणि हिवाळ्यातली उगवती सकाळ यांची इथे गाठ पडते ती अशी. म्हणूनच आपण या बांधावर कुडकुडत उभे आहोत.

आणखी एक गंमत या चंद्राचीच. कादंब रात्री चिखलावर झोपतात कारण तिथे कोल्हा येऊ शकत नाही. पण पौर्णिमेच्या आसपास चांदणं पडलं की ते रात्रीही शेतातच चरत राहतात आणि पहाटेची ही मिरवणूक विस्कटते. म्हणजे उधाण हवं तर अमावास्या किंवा पौर्णिमा, कादंब हवेत तर अंधारी रात्र. दोन्ही हवं असेल तर पंचांगात एकच जागा उरते.

एवढ्यात उजाडतं, आणि समोरचा चिखल हलायला लागतो.

खरोखर हलतो. कडेला एक राखाडी चादर अंथरलेली दिसत होती, ती पुढे सरकते आहे. दुर्बीण लावा. चादर नाहीच ती, ते पक्षी आहेत! खांद्याला खांदा लावून, बोटभर फट न ठेवता उभे असलेले हजारो पक्षी, आणि मागून पाणी चढतंय तसे सगळे मिळून चालत पुढे येताहेत. या पक्ष्याचं नाव नॉट. आपल्या तुतवारांच्या कुळातला, लांबी वीतभर, वजन जेमतेम १४० ग्रॅम. एका साबणवडीपेक्षा थोडा जास्त. उन्हाळा उत्तर कॅनडाच्या आणि ग्रीनलंडच्या उघड्या माळावर काढून आलेला. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं ते कॅन्यूट राजावरून. समुद्राकाठी खुर्ची टाकून भरतीला ‘मागे हट’ म्हणणाऱ्या राजाची गोष्ट इंग्लंडात घराघरात माहीत आहे. भरतीच्या कडेकडेनं जगणाऱ्या पाखराला याहून नेमकं नाव कुठून मिळणार?

पाणी आणखी चढतं. चिखलाची शेवटची पट्टी बुडते, आणि सगळी चादर एकदम उठते.

शब्द इथे अपुरे पडतात, तरी सांगतो. वणव्याचा धूर वाऱ्यात कसा वळतो, फाटतो, पुन्हा गोळा होतो, तसं काहीतरी. फक्त धुराला रंग बदलता येत नाही. नॉटची पाठ राखाडी आणि पोट पांढरं, त्यामुळे थवा वळला की आकाशातला काळा डाग क्षणात चंदेरी होतो, आणि पुढच्या क्षणी पुन्हा काळा. डोक्यावरून जाताना पन्नास हजार पंखांच्या जोड्यांचा आवाज येतो. जोराच्या सरी पत्र्यावर पडतात त्याआधी दूरच्या झाडीतून पाऊस चालत येतो ना, तसा.

यात पुढारी कोण? कोणीच नाही. ‘आता डावीकडे’ असं सांगणारा कोणी नाही आणि कुणाची कुणाला टक्करही नाही. हे कोडं रोममध्ये थोडं सुटलं. तिथे हिवाळ्यात स्टारलिंग पक्ष्यांचे प्रचंड थवे मुख्य रेल्वे स्टेशनाजवळ उतरतात. आपल्या ज्वारीच्या रानावर येणाऱ्या भोरड्यांचे ते चुलतभाऊ. भौतिकशास्त्रज्ञांनी अनेक कॅमेरे लावून थव्यातल्या एकेका पक्ष्याची जागा तिन्ही मितींत मांडली. २००८ साली निष्कर्ष आला. प्रत्येक पक्षी फक्त आपल्या जवळच्या सहा-सात सोबत्यांकडे बघतो. ते किती अंतरावर आहेत याला महत्त्व नाही, सहा-सातच. ते वळले की हा वळतो. एवढ्या साध्या नियमातून ते सगळं आकाशभर नाचणारं शरीर तयार होतं! या कामात सहभागी असलेले जॉर्जो पारीसी यांना पुढे २०२१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. गोंधळातून शिस्त कशी जन्माला येते, हाच त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय.

या नाचामागे कारणही असतं, आणि ते बहुतेक वेळा वर घिरट्या घालत असतं. बहिरी ससाणा. त्याला झडप घालायला एक नेमका पक्षी लागतो, आणि इथे क्षणोक्षणी रंग बदलणाऱ्या ढगातून एक वेगळा काढायचा तरी कसा?

थवा बांधावरून पलीकडे उतरतो. बांधामागे तळी आहेत, त्यांत छोटी बेटं आहेत. ही तळी कुणी पक्ष्यांसाठी खणली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पूर्व इंग्लंडमध्ये विमानतळांच्या धावपट्ट्या बांधायला काँक्रीट हवं होतं, त्यासाठी इथले गोटे उपसले. खड्डे उरले, त्यांत पाणी भरलं. बॉम्बफेकी विमानांसाठी पडलेले ते खड्डे आज भरती ओसरेपर्यंत नॉटांची धर्मशाळा झालेत. बेटावर ते इतके दाटून बसतात की जमीन दिसत नाही. उशिरा आलेला पक्षी आधीच्यांच्या पाठीवर उतरतो आणि फट शोधत आत घुसतो. सहाच्या लोकलला लटकणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

तीन-चार तासांनी पाणी ओसरतं आणि सगळे पुन्हा चिखलावर. आता खरी नवलाई सुरू होते, कारण आता ते जेवणार आहेत.

विचार करा. नॉटचं अन्न म्हणजे नखाएवढे शिंपले, चिखलात दोन-तीन सेंटीमीटर खोल गाडलेले. वरून काहीही दिसत नाही. शिंपला आवाज करत नाही, घट्ट मिटून बसतो. चोचीनं आंधळेपणानं टोचत राहिलं तर पोट भरायला अख्खा हिवाळा पुरायचा नाही. तरी नॉट पोट भरतो, आणि अंधाऱ्या रात्रीही भरतो, कारण ओहोटी रात्रीही येते आणि तीही चुकवून चालत नाही. कसं जमतं त्याला?

नेदरलँड्समधल्या तेउनिस पीर्स्मा या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नॉटांना शिकवून एक प्रयोग केला. ओल्या वाळूत कधी काही पुरायचं, कधी नाही, आणि पक्ष्यानं आत काही आहे की नाही ते सांगायचं. पक्ष्यांनी बरोबर ओळखलं. मग शिंपल्याऐवजी साधे दगड पुरले. वास नाही, हालचाल नाही, जीव नाही. तरीही ओळखलं! चोच दगडाला लागलीसुद्धा नव्हती. शेवटी कोरडी वाळू घेतली, आणि तिथे मात्र नॉट हरला.

गुपित पाण्यात होतं. ओल्या वाळूच्या कणाकणांमध्ये पाणी असतं. चोच आत गेली की ते पाणी ढकललं जातं आणि कणांमधल्या वाटांनी सगळीकडे पांगतं. पण वाटेत घट्ट अडथळा असेल तर पाणी तिकडे जाऊ शकत नाही आणि त्या बाजूला दाब किंचित वाढतो. गच्च भरलेल्या डब्यात कुणी मागून रेटलं की समोर माणसं आहेत की लोखंडी खांब, हे तुम्हाला न बघता कळतं ना? तसंच. नॉट भराभर टोचतो तेव्हा दर टोचणीनं तो दाब थोडा थोडा साठत जातो. त्याच्या चोचीच्या टोकाच्या हाडात बारीक खळगे आहेत, त्यांत दाब ओळखणाऱ्या संवेदनेच्या गाठी गच्च बसवलेल्या आहेत. पक्ष्याचं असं ज्ञानेंद्रिय तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. हा शोध प्रसिद्ध झाला १९९८ साली. माणूस चंद्रावर जाऊन तीस वर्षं होत आली होती, आणि किनाऱ्यावरच्या या पाखराला कसं जेवता येतं ते आपल्याला नुकतं कळत होतं.

शिंपला सापडला. आता फोडायचा कसा? नॉट फोडतच नाही, सरळ गिळतो. कवचासकट. कोंबडीच्या कलेजीबरोबर जो चिवट पेटा आपण शिजवतो, तीच पेषणी नॉटच्या पोटात खलबत्त्याचं काम करते. शिंपले आत चिरडले जातात आणि कवचाचा चुरा मागून बाहेर पडतो. नवलाची गोष्ट पुढेच आहे. ही पेषणी कायम एका आकाराची नसते. पिंजऱ्यातल्या नॉटांना मऊ खाद्य दिलं तर ती आक्रसते, पुन्हा शिंपले दिले की आठवडाभरात वाढते. शास्त्रज्ञांनी गर्भवतीची करतात तशी सोनोग्राफी करून हे मोजलं. लांबच्या प्रवासाआधी तर नॉट पेषणी आणि आतडी लहान करून टाकतो, आणि हृदय व उडण्याचे स्नायू वाढवतो. हवेत जेवण नाही, मग स्वयंपाकघर कशाला वाहून न्यायचं? आपण प्रवासाला निघताना बॅग भरतो. हा पक्षी स्वतःचं शरीरच नव्यानं बांधतो.

त्याच चिखलावर इतरांचीही पानं मांडलेली आहेत. नॉट दोन-तीन सेंटीमीटर खोल जातो, लालपायी टिवळा वरवरचं टिपतो, पाणटिवळा लांब सरळ चोचीनं खाली पोहोचतो, आणि वाकड्या चोचीचा मोठा कर्ल्यू सगळ्यात तळच्या मजल्यावरचे किडे ओढून काढतो. कर्ल्यूची चोच बघितलीत तर प्रश्न पडतो, की चिखलात रुतलेली एवढी लांब चोच तो उघडतो कशी? पूर्ण उघडायची गरजच नाही. बुडाशी चोच मिटलेली ठेवून नुसतं वरच्या चोचीचं टोक त्याला उचलता येतं, चिमट्यासारखं. टिवळे, पाणटिवळे आणि कर्ल्यू हे सगळे हिवाळ्यात आपल्या कोकणच्या खाड्यांतही येतात. चोचीची ही शिडी तिथेही बघता येते.

बांधावर उभं राहून एव्हाना तुमचे पाय बधिर झाले असतील. त्या बर्फगार पाण्यात उघड्या पायांनी तासन्‌तास उभ्या असलेल्या पाखरांचे पाय का गोठत नाहीत? पक्ष्याच्या शरीराचं तापमान चाळीस अंशांच्या वर. एवढी गरम गाडी थंड पाण्यात उभी केली तर पायांतून सगळी उष्णता वाहून जायला हवी. पण पायाच्या वरच्या भागात रक्त खाली नेणाऱ्या आणि वर आणणाऱ्या वाहिन्या एकमेकींना चिकटून धावतात. खाली जाणारं गरम रक्त वाटेतच आपली ऊब वर येणाऱ्या गार रक्ताला देऊन टाकतं. घराबाहेर पडणाऱ्या माणसानं आपली शाल दारातच आत येणाऱ्याच्या अंगावर टाकावी, तसं. पावलांपर्यंत पोहोचतं ते गारच रक्त, मग पाण्याला द्यायला उष्णता उरतेच किती? आणि पायात खाली फारसे स्नायू नसतातच. हाडं, दोरीसारखे कंडरे आणि कातडी. गरम ठेवावं लागेल असं सगळं वर, पिसांच्या रजईत.

दुपारी किनाऱ्यानं पूर्वेकडे निघा. वाटेत खारट दलदलीत काळपट ब्रेंट कादंब चरताना दिसतील. हे सायबेरियाच्या उत्तर टोकावरून, तायमिर द्वीपकल्पावरून, चार हजारांहून जास्त किलोमीटर उडून आलेले. थव्यात पिल्लं किती आहेत ते बघा. मिटलेल्या पंखावर बारीक पांढऱ्या पट्ट्या असतील तर ते या वर्षीचं पिल्लू. एखाद्या हिवाळ्यात पिल्लंच पिल्लं असतात, एखाद्या हिवाळ्यात शोधूनही सापडत नाहीत. का?

उत्तर एका उंदरात आहे. तायमिरच्या टुंड्रात लेमिंग नावाचा गुबगुबीत उंदरासारखा प्राणी असतो. साधारण तीन-चार वर्षांनी त्याची संख्या भरमसाट वाढते आणि मग कोसळते. लेमिंग भरपूर असले की तिथले कोल्हे आणि शिकारी पक्षी त्यांच्यावर ताव मारतात. दुसऱ्या वर्षी लेमिंग संपतात, कोल्हे मात्र तेवढेच असतात, आणि ते वळतात कादंबांच्या अंड्यांकडे आणि पिल्लांकडे. म्हणजे नॉरफॉकमधल्या कुरणावर दुर्बीण लावून पांढऱ्या पट्ट्या मोजणाऱ्या माणसाला सायबेरियातल्या उंदरांचं साल कसं गेलं ते कळतं! बाकदार चोचीचे छोटे तुतवार त्याच टुंड्रात पिल्लं काढतात आणि हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत उतरतात. आपला चिखलसुद्धा त्या लेमिंगच्या रानाला असा जोडलेला आहे.

सकाळी निघालेले गुलाबी पायांचे कादंब कुठे गेले? थोडं आत, शेतांकडे वळा. नॉरफॉक हा इंग्लंडचा साखरपट्टा, पण ऊस नाही, बीट. हिवाळ्यात तिथला गळीत हंगाम जोरात असतो. जवळच्या विसिंग्टनचा बीट साखर कारखाना युरोपातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक. बीट उपटताना वरचा पाल्याचा शेंडा छाटून शेतातच टाकतात. उसाचे वाढे आपल्याकडे गुरांच्या वाट्याला येतात, तसे बिटाचे वाढे कादंबांच्या वाट्याला. साखरेनं भरलेलं हे रान त्यांना चांगलंच मानवलंय. ब्रिटनमध्ये हिवाळा काढणारे हे कादंब आज पाच लाखांच्या आसपास आहेत, विसाव्या शतकाच्या मध्यात होते त्याच्या कितीतरी पट. शेतकऱ्यानं वाढे लगेच नांगरून टाकले नाहीत तर पक्षी तिथेच चरतात आणि शेजारच्या कोवळ्या गव्हाला तोंड लावत नाहीत. दोघांच्याही फायद्याची सोय.

या कादंबांबद्दल आपल्याला जे कळलं त्यात एका माणसाचा मोठा वाटा आहे. पीटर स्कॉट. दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन रॉबर्ट स्कॉटचा मुलगा. वडील गेले तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. तंबूत मृत्यूची वाट बघत असताना वडिलांनी पत्नीला लिहिलं, की जमलं तर मुलाला निसर्गाची गोडी लाव. मुलगा मोठा झाला आणि आधी झाला कादंबांचा शिकारी! वॉशच्या काठावरच्या एका जुन्या दीपगृहात तो राहायचा, बंदूक आणि रंगपेटी घेऊन. पुढे बंदूक सुटली. १९४६ साली त्यानं पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली, आणि पन्नासच्या दशकात उडत्या जाळ्यांनी हजारो गुलाबी पायांचे कादंब पकडून, कडी घालून सोडले. नंतर घराच्या खिडकीतून सायबेरियाचे हंस बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक हंसाच्या चोचीवरची काळी-पिवळी नक्षी निराळी असते, बोटांच्या ठशांसारखी. १९६४ सालापासून स्कॉट कुटुंबानं एकेका हंसाचं चित्र काढून त्याला नाव दिलं. पुढच्या हिवाळ्यात तोच हंस त्याच तळ्यावर परत आला की ओळख पटायची. माझ्या मते पक्षीनिरीक्षणाच्या इतिहासात यापेक्षा मायेचं काम झालेलं नाही.

संध्याकाळ इथे लवकर होते. साडेचारला दिवे लागतात. कुंपणाच्या कडेनं, गवताच्या जेमतेम मीटरभर वर, काहीतरी पांढरं तरंगत येतं. पंख हलतात पण आवाज शून्य. गव्हाणी घुबड. आपल्याकडच्या वाड्यांच्या माळ्यावर राहतं त्याचं सख्खं भावंड. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा थोडा वर असतो. त्यामुळे गवताखालच्या उंदराची खसखस दोन्ही कानांत किंचित वेगवेगळी पोहोचते आणि उंदीर किती खाली आहे ते त्याला अचूक कळतं. इतकं, की पूर्ण अंधारातही झडप चुकत नाही.

आणि ज्यांना ना समुद्र, ना चिखल, ना लांबवर नेणारे पंख, त्या लहान पाखरांचं काय? बागेतला रेन घ्या. वजन नऊ-दहा ग्रॅम. एवढ्याशा देहात ऊब साठवायला जागाच नाही, एक लांब रात्र म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. दिवसभर हा पक्षी भांडकुदळ, आपल्या हद्दीत दुसऱ्याला पाऊल टाकू देत नाही. पण कडाक्याची थंडी पडली की संध्याकाळी तोच शेजाऱ्यांना बोलावतो आणि सगळे एका ढोलीत शिरतात. नॉरफॉकमध्येच १९६९ च्या हिवाळ्यात एका बागेतल्या लाकडी घरट्याच्या पेटीत एका रात्री किती रेन मोजले, माहीत आहे? एकसष्ट. सगळे मिळून वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर, आणि पेटी एका पाखराच्या संसाराला पुरेल एवढीच.

यातल्या कशासाठीही इंग्लंडचं तिकीट काढायलाच हवं असं नाही. वॉशच्या चिखलावर भरती आणणारा तोच चंद्र ठाण्याच्या खाडीवर, शिवडीला, रेवदंड्याला, दापोलीच्या आंजर्ल्याला उगवतो. ठाण्याची खाडी २०२२ सालापासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि तिथलं उधाण तर भर दुपारी येतं. पौष-माघातली अमावास्या किंवा पौर्णिमा कॅलेंडरवर बघून ठेवा, तिथीची पाऊणपट करा, आणि भरतीच्या दोन तास आधी काठावर पोहोचा. पाणी चढत जाईल तसे पक्षी चालत तुमच्याकडे येतील. तुम्ही फक्त हलू नका.